गिरणीच्या जागी इटालियन, आई-बाबा आणि ४४८७ रुपये

काजवी | शनिवार, रात्री ११:२०

आई-बाबांच्या लग्नाला या आठवड्यात चाळीस वर्षं झाली. दरवर्षी आमची थाळी ठरलेली, आणि परत येताना रिक्षात बाबांचं "आमरसात पाणी घालतात हल्ली" हेही ठरलेलं. यंदा बाबाच म्हणाले, "ते गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या दिव्यांचं काय उघडलंय, तिथे नेतेस का?"

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. त्या जागी पूर्वी पिठाची गिरणी होती. पंचवीस वर्षं दर रविवारी सकाळी बाबा सायकलला डबा लटकवून तिथे जायचे. गिरणी बंद पडली, मग दोन वर्षं नुसतं शटर, मग पत्रे, आणि दिवाळीनंतर एकदम काच, उघड्या विटा, लोंबते बल्ब. आता शनिवारी संध्याकाळी फुटपाथवर रांग लागते. पूर्वीही लागायची म्हणा, डब्यांची.

नाव देत नाहीये. पुण्यात अशी गल्लोगल्ली आहेत आणि मला कोणाला झोडपायचं नाहीये. काही प्रश्न पडलेत, तेवढेच विचारायचेत.

चाळीस मिनिटं वेटिंग. बाहेर बाक एकच, त्यावर आई बसली. आत बोलावलं ते उंच स्टुलांच्या टेबलाशी. बाबांचा गुडघा गेल्या वर्षीच बदललाय, ते चढणार कसे? मग कुरकुरत खालचं टेबल मिळालं, स्पीकरच्या बरोब्बर खाली. मेनू क्यूआर कोडवर. बाबांनी माझा फोन हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचायला लागले. "पास्ता अग्लिओ ए ओलिओ... म्हणजे काय गं?" "लसूण आणि तेल, बाबा." "पाचशे रुपये?"

बुराटा आला. आईने सुरी लावली, आतून साय ओघळली. "पनीरच्या पुरचुंडीत साय बांधलीय," असं म्हणून तिने मनापासून खाल्ला. पिझ्झा मात्र मध्यभागी ओला आणि कडेला काळे डाग. "करपलाय गं, सांग त्यांना." मी नाही सांगितलं, मला वाटलं तो तसाच असतो. असतो ना?

मग बाबांची पेने, म्हणजे नळ्यांचा पास्ता. त्यांनी एक तुकडा चावला, उरलेला अर्धा काट्यावर धरून दिव्याकडे नेला आणि म्हणाले, "आतून कच्चं आहे." वेटर मुलगा आला. विशी-बाविशीचा असेल. म्हणाला, "अंकल, इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट. यू आर नॉट यूज्ड टू इट." बाबा काही बोलले नाहीत. सगळं संपवलं. मला तेच जास्त लागलं.

आईने विचारलं की चीजमध्ये वासराच्या पोटातलं काही घालतात म्हणे, तुमच्यात नाही ना? तर उत्तर, "मॅम, चीज दुधाचंच असतं, प्युअर व्हेज." आणि तिरामिसु टेबलावर आल्यावर अंडं आहे का विचारलं, तर "थोडंसं." थोडंसं अंडं! आईने बशी बाबांकडे सरकवली. बाबांनी ती निमूटपणे साफ केली, हा एक त्या संध्याकाळचा आनंदाचा प्रसंग.

बिल: पदार्थ आणि पाणी ३८८५. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ३८८.५०. त्यावर ५ टक्के जीएसटी २१३.६८. एकूण ४४८७.

तर जाणकारांनो, बाबा चुकले की तो मुलगा? चीजचं खरं काय? आणि सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

टिवल्याबावल्या | शनिवार, रात्री ११:३४

४४८७ मध्ये किती मिसळी आल्या असत्या हा हिशोब कोणी करायचा की मीच करू?

काजवी | शनिवार, रात्री ११:४०

कर की. पण बाबांनी स्वतःहून हॉटेल निवडायची ही चाळीस वर्षांतली पहिली वेळ होती. ती कुठल्या रकान्यात लिहितोस तेही सांग.

टिवल्याबावल्या | शनिवार, रात्री ११:४१

शरणागती.

स्कूटरवाला | रविवार, सकाळी ७:०५

पार्किंग आहे का?

केओटी | रविवार, सकाळी ९:५०

बारा वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढली, आता त्या धंद्यात नाही म्हणून मोकळेपणाने लिहितो.

बाबा बरोबर आहेत. 'अल देन्ते' म्हणजे दाताला किंचित लागेल असा. कच्चा नव्हे. ओळखायची खूण सोपी: तुकडा मधे तोडून बघा. आत मधोमध पांढरट रिंगण किंवा ठिपका दिसतो आणि जिभेला पिठाची चव येते, तर तो शिजलेलाच नाही. काजवी, काट्यावर धरून दिव्याकडे नेला ना त्यांनी? अगदी हेच आम्ही पासवर, म्हणजे तयार प्लेटा बाहेर जातात त्या कट्ट्यावर, उभे राहून करायचो.

असं का होतं तेही सांगतो. तुमची ऑर्डर आल्यावर कोणी पास्ता नव्याने उकडत बसत नाही. दुपारी तीन-चारला मोठ्या पातेल्यात पाऊण शिजवायचा, निथळून तेल लावून ट्रेमध्ये पसरायचा, गार झाला की एकेका प्लेटच्या वजनाच्या पिशव्या करून फ्रिजमध्ये. ऑर्डर आली की उकळत्या पाण्यात बुडवायचा, मग पॅनमध्ये सॉस आणि त्याच पास्त्याचं थोडं पाणी घालून परतायचा. शेवटचा पाव हिस्सा तिथे शिजतो. शनिवारी साडेआठला ओळीने वीस ऑर्डरी लागल्या की पॅनवरचा पोरगा ते शेवटचं दीड मिनिट खातो. बस, एवढंच.

परत गेलात तर सरळ सांगा, "सॉसमध्ये अजून एक मिनिट फिरवा." कोणीही हसत नाही. हसलं तर उठून या.

वेटरचं म्हणाल, तर त्याला कोणी शिकवलेलं असतं की 'कच्चं आहे' अशी तक्रार आली की अल देन्ते सांगायचं. त्याने स्वतः तो पदार्थ खाल्लेला असतोच असं नाही. स्टाफचं जेवण वेगळं असतं: डाळ, भात, एक भाजी. ज्या ठिकाणी मेनू बदलला की वेटरांना चमचा-चमचा चाखायला देतात, तिथे अशी उत्तरं येत नाहीत.

काजवी | रविवार, सकाळी १०:१५

ठिपका होता! बाबांनी तेव्हा दाखवलाही होता, मीच "असू दे" म्हटलं. आत्ता त्यांना वाचून दाखवलं. "बघ" एवढंच म्हणाले आणि पेपर वर धरला.

पोळपाट | रविवार, दुपारी १२:३०

गिरणीच्या जागी पास्ता हे वाचून मला तर काहीच बदललंय असं वाटलं नाही. सुका पास्ता होतो डुरम गव्हाचा. इटलीत १९६७ पासून कायद्यानेच तसं बंधन आहे. आणि डुरम म्हणजे आपला बन्सी. शिऱ्यासाठी जो पिवळसर, दाणेदार बन्सी रवा आणतो, तोच गहू. त्यात प्रथिनं जास्त, म्हणून उकडला तरी पास्त्याचा लगदा होत नाही. इटलीत ज्याला फार्रो म्हणून कौतुकाने सूपमध्ये घालतात त्यातला एक प्रकार म्हणजे आपली खपली. सांगली-साताऱ्याकडच्या खिरीची.

शिवाय रुखवतातले गव्हले, मालत्या, नखुले आठवा. रव्याचा घट्ट गोळा, चिमटीत इवलासा तुकडा, आणि नखाने दाबून सोडून द्यायचा. माझी आजी बोलता बोलता परात भरायची. गव्हले तर हुबेहूब त्यांच्या ओर्झो पास्त्यासारखे. आपण त्यांची दुधात खीर केली, त्यांनी टोमॅटोत टाकले.

बारीहून | रविवार, दुपारी ४:१०

पोळपाटताई, नखुले वाचून अंगावर काटा आला. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं इटलीत बारीला आहे. इथल्या जुन्या गावात आर्को बास्सो नावाची बोळवजा गल्ली आहे. तिथे बायका घराबाहेर लाकडी टेबलं टाकून ओरेक्किएत्ते करत बसतात. रवा आणि पाणी, मिठाचाही पत्ता नाही. पिठाची लांब वळी करायची, बोथट सुरीने बोराएवढा तुकडा तोडून तीच सुरी त्यावरून ओढायची आणि अंगठ्यावर उलटा करायचा. इवलासा कान तयार होतो, नावाचा अर्थही 'छोटे कान' असाच आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मराठीतच बोलून गेले, "अहो, हे तर नखुले!" ती बाई नुसती हसली आणि तिने सुरी माझ्या हातात दिली. माझे कान पापडासारखे झाले, ते सोडा.

हे कान इथे चिमे दि रापा घालून खातात. तो पाला जवळपास आपल्या मोहरीच्या पाल्यासारखा कडवट. लसूण, तेल, लाल मिरची. माझ्या सासूबाई आल्या होत्या, म्हणाल्या, "ही तर पालेभाजीतली फळं."

बुराटाबद्दल: तो मूळचा इथला, आंद्रिया गावाचा. मोझारेल्ला करताना उरलेले तंतू साईत मिसळायचे आणि मोझारेल्लाच्याच पिशवीत भरून वर गाठ मारायची. नावातलं 'बुर्रो' म्हणजे लोणी. काजवी, तुझ्या आईने केलेली 'पुरचुंडीत साय' ही व्याख्या मी इथल्या दुकानदाराला भाषांतर करून ऐकवणार आहे. एक सांगते, तो केल्यापासून एक-दोन दिवसांत खायचा आणि फ्रिजमधून थेट पानात आणायचा नाही. गारढोण असला तर साय ओघळत नाही. तुमचा ओघळला, म्हणजे तेवढं तरी त्यांनी नीट केलं.

पिझ्झाही तसाच असतो, मधे ओला. इथे तर तो कापूनही देत नाहीत. अख्खा बशीत येतो, काटा-सुरी घ्या आणि बसा.

अनुस्वार | रविवार, दुपारी ४:४५

अवांतर, पण राहवत नाही. बाबांनी जी पेने मागवली ती बहुतेक 'अर्राब्बियाता' असावी. त्याचा शब्दशः अर्थ 'चिडलेली'. तिखटामुळे.

आणि मेनूवर जे 'नोकी', 'ग्नोची' वगैरे लिहितात त्याचा खरा उच्चार 'ञोक्की'. इंग्रजीला जमत नाही, आपल्याला जमतो. बाराखडी शिकल्यापासून जो ञ कुठेही उपयोगी पडला नाही तो बटाट्याच्या गोळ्यांसाठी राखून ठेवलेला होता.

टिवल्याबावल्या | रविवार, दुपारी ४:५२

ञ ला अखेर नोकरी लागली. पेढे कुठेत?

जुना_कोथरूडकर | रविवार, संध्याकाळी ६:२०

सगळं वाचलं. एकच सांगतो, घरी वरणफळं करून खा. आमच्या वेळी कोथरूडला हॉटेल म्हणजे एक चहाचं आणि एक भेळेचं. त्या मुलाने वयस्कर माणसाला असं बोलणं म्हणजे काय! आणि पाणी छापील किमतीपेक्षा जास्त लावलं असणारच, तो सरळ गुन्हा आहे. तक्रार ठोका.

ग्राहकराजा | रविवार, रात्री ८:४०

काका, रागाशी सहमत, पाण्याच्या बाबतीत नाही. हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. बाटलीबरोबर बसायची जागा, सेवा वगैरे मिळते, ती निव्वळ विक्री नव्हे, असा मुद्दा होता. तेव्हा साधं पाणी मागायचं हा उपाय. ते मागायला लाजायचं नाही.

सर्व्हिस चार्जचं उत्तर मात्र काजवीच्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: बिलात तो आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. हॉटेलांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगितीही होती. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या.

म्हणजे पैसे द्यायच्या आधी शांतपणे म्हणायचं, "सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या." नाही काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर.

आणि तुमचं नुकसान ३८८ नाही, ४०८ रुपयांचं आहे. त्यांनी चार्जवरही जीएसटी लावलाय. ३८८५ वर ५ टक्के धरले तर बिल ४०७९ व्हायला हवं होतं.

केओटी | रविवार, रात्री ९:०५

आकडे बरोबर. फक्त एक जोडतो. चार्ज काढायला लावलात आणि मुलाने काम नीट केलं असेल, तर चार पैसे त्याच्या हातात ठेवा. मी जिथे जिथे होतो, तिथे बिलातल्या चार्जमधलं पोरांपर्यंत किती पोचायचं हे पोरांनाच कळायचं नाही.

एडिसनची_काकू | सोमवार, पहाटे ५:३०

न्यू जर्सीहून. आमच्याकडे टिप अठरा ते वीस टक्के, आणि ती न देता उठलात तर पुढच्या वेळी जायची सोय नाही. त्यामुळे दहा टक्क्यांवरून चाललेला हा धागा मी जरा हेव्याने वाचतेय.

इथे गल्लीतलं इटालियन म्हणजे नवं फॅड नाही, तीन-तीन पिढ्यांची दुकानं. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी दारू मिळत नाही, कारण गावाच्या लोकसंख्येवर परवाने ठरतात, साधारण तीन हजार माणसांमागे एक. परवाना मिळाला तरी फार महाग. म्हणून लोक काखोटीला वाइनची बाटली मारून जेवायला येतात आणि मालक फक्त ग्लास देतो. माझे मामा आले होते, त्यांना हे इतकं पटलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचं लोणचं नेलं.

आणि इथल्या जुन्या इटालियन आज्या टोमॅटो सॉसला काय म्हणतात माहितीये? 'ग्रेव्ही'. रविवारी सकाळपासून रटरटत ठेवतात. आपण उगाच 'रेड सॉस पास्ता' म्हणायला लाजतो.

स्कूटरवाला, इथे पार्किंग भरपूर आहे. या.

स्कूटरवाला | सोमवार, सकाळी ७:१०

काकू, व्हिसा पाठवा.
काजवी, पार्किंग??

पोळपाट | सोमवार, सकाळी ११:००

चीजचा प्रश्न राहिलाच की. केओटी? बारीहून?

बारीहून | सोमवार, दुपारी ३:२०

काजवी, तुझ्या आईने ऐकलेलं शंभर टक्के खरं आहे. दूध फाटवून घट्ट करायला जे विरजणासारखं घालतात त्याला रेनेट म्हणतात, आणि अस्सल पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे पार्मेझान चीजच्या नियमात ते वासराच्या जठरातलंच लागतं. ग्राना पादानोही तसंच, पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हणजे 'अस्सल इटालियन पार्मेझान वापरतो' अशी जाहिरात आणि 'प्युअर व्हेज' अशी पाटी एका भिंतीवर लागू शकत नाहीत. एक तरी खोटी. मी इथे आल्यावर सहा महिन्यांनी हे कळलं. तोवर जे पोटात गेलं ते गेलं.

आणखी एक, कोणी शाकाहारी अमेरिकेत राहून इकडे आला तर त्याच्यासाठी. 'पेपेरोनी' इथे ढोबळी मिरची. अमेरिकेतलं डब्बल प चं ते मांसाचं सॉसेज, हे एका प चं, घाबरू नका.

केओटी | सोमवार, दुपारी ४:००

आता इथलं. गल्लीतल्या हॉटेलला अस्सल पार्मिजानो परवडत नाही, म्हणून आईंची सुटका बऱ्याचदा आपोआप होते. मी काम केलं तिथे सगळीकडे भारतात बनवलेलं, त्या धर्तीचं चीज यायचं. त्यात जिवाणू-बुरशीपासून केलेलं रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका. वेटरला विचारूच नका, त्याला माहीत नसतं. म्हणायचं, "पाकीट दाखवा." आम्हाला कोणी असं विचारलं तर राग नाही यायचा, उलट बरं वाटायचं की कोणीतरी वाचतंय.

पण शाकाहाऱ्यांनी चीजपेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात. ज्या किचनमध्ये व्हेज-नॉनव्हेज दोन्ही बनतं तिथे रिसोट्टो, म्हणजे त्यांचा मऊ भात. त्याला पळी-पळीने गरम स्टॉक लागतो, आणि शेगडीवर चिकनचा स्टॉक तयार असेल तर मशरूम रिसोट्टोतही तोच पडू शकतो. दुसरी तिरामिसु. त्यातलं मस्कारपोने चीज साय तापवून आंबट घालून करतात, तिथे रेनेटचा प्रश्नच नाही. अंडं दोन ठिकाणी असतं: क्रीममध्ये आणि बिस्किटात. कित्येक जण क्रीम एगलेस करतात, पण खालची लांबट बिस्किटं अंड्याचीच असतात. 'थोडंसं' म्हणाला ना तो मुलगा? बहुतेक बिस्किटातलं. बिचारा खरं बोलला.

पिझ्झ्याचे डाग: ते करपणं नव्हे. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची १९८४ पासूनची संघटना आहे, त्यांच्या नियमात पिझ्झा भट्टीत साठ ते नव्वद सेकंद. भट्टी चारशे तीसच्या वर, थेट चारशे ऐंशी अंशांपर्यंत. एवढ्या आचेवर कड फुगते आणि तिला डाग पडतात. भाकरीवर डाग नसले तर आई काय म्हणतील? कच्ची. तसंच. मात्र खालून उचलून बघा. खालचा भाग सगळाच काळा असेल आणि कडू लागत असेल तर तो करपलेलाच, मग नेपल्सचं नाव सांगू देऊ नका.

काजवी | सोमवार, रात्री ९:३०

रिसोट्टोबद्दल सांगायचंच राहिलं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हा तर गुरगुट्या भात. तापातून उठलेल्याला देतात तो." मी म्हटलं झालं, ६४५ रुपये गेले. आणि मग तिने अख्खी बशी संपवली, आम्हाला चमचाही न देता. आता स्टॉकचं वाचून माझ्या पोटात गोळा आलाय. तिला अजून वाचून दाखवलेलं नाही.

पोळपाट | सोमवार, रात्री ९:४५

आधी विचारून ये, मग दाखव. आणि घरी करायचा असेल तर इंद्रायणी घे. त्यांचा आर्बोरियो मिळतो, पण इंद्रायणीतही चिकटपणा चांगला आहे. तांदूळ धुवायचा मात्र नाही, सगळी गंमत त्या पिठुळपणात. हाताला सवय नसते, आपोआप नळाखाली जातो.

जुना_कोथरूडकर | सोमवार, रात्री १०:१०

न धुता?

टिवल्याबावल्या | सोमवार, रात्री १०:११

काकांना पाणी द्या. छापील किमतीत.

काजवी | गुरुवार, संध्याकाळी ७:४०

अपडेट. काल दुपारी साडेतीनला बाबांना घेऊन परत गेले. मी एकटीच जाणार होते, पण ते चप्पल घालून दारात उभे होते.

दुपारी तिथे कोणी नसतं. स्पीकर बंद, हवं ते टेबल. तोच मुलगा होता. मी काही बोलायच्या आत बाबांनी त्याला समोर उभं केलं आणि विचारलं, "तू खाल्लायस का रे हा पास्ता कधी?" तो गडबडला. म्हणाला, नाही, त्या शनिवारी त्याचा कामाचा चौथा दिवस होता. धाराशिवकडचा आहे. मग मराठीतच बोलायला लागला. बाबांनी पेने मागवली, "सॉसमध्ये अजून एक मिनिट" अगदी केओटींच्या शब्दांत सांगून, आणि रिकामी बशी मागून दोन चमचे त्याला काढून दिले. तो उभ्या उभ्या खाऊ शकत नव्हता, नियम आहे म्हणाला. बशी आत घेऊन गेला.

थोड्या वेळाने शेफच बाहेर आला. तरुण आहे, मूळचा नागपूरचा. स्टॉक भाज्यांचाच आहे, कारण त्यांच्याकडे चिकन फक्त एका पिझ्झ्यावर आणि तेही तयार आणलेलं. हुश्श. चीजचं पाकीट दाखवलं, हिरवा ठिपका, भारतातलंच. तिरामिसुची बिस्किटं अंड्याची, हे त्याने स्वतःहून सांगितलं, आणि मेनूत तसं लिहिणार म्हणाला. बघू. परवाच्या कच्च्या पेनेबद्दल बाबांनी ठिपक्याचं सांगितलं तर म्हणाला, "काका, शनिवारी माझं लक्ष पिझ्झ्याकडे होतं." सबब नाही, सारवासारव नाही, एवढंच वाक्य.

मग बाबांनी पीठ कुठलं विचारलं. पिझ्झ्याचं इटलीहून येतं, बारीक मैदा. बाबा म्हणाले, "इथे, तुझी भट्टी आहे ना, तिथे जातं होतं. खपली दळायला सगळ्यात शेवटी घ्यायचा तो." शेफला माहीतच नव्हतं की इथे गिरणी होती. त्याने लगेच आत बोलावून भट्टी दाखवली. बाबा त्या जागेवर जाऊन जमिनीकडे बघत होते. तिथे अजून त्या वेळची शहाबादी फरशी आहे, दोन-तीनच, बाकी सगळं नवं.

बिलावर पुन्हा सर्व्हिस चार्ज होताच. काढायला सांगितला, मॅनेजरने हू की चू न करता काढला. शनिवारच्या ४०८ रुपयांचं विचारलं, तर जुनं बिल सिस्टिममध्ये उघडत नाही म्हणे. मी १९१५ म्हटल्यावर उघडतंय का बघतो म्हणाला. उद्या फोन करणार आहे. ग्राहकराजा, नाही आला तर तुम्हाला पिंग करते.

बाबांनी त्या मुलाच्या हातात पन्नास रुपये ठेवले. किती ते आईला सांगायचं नाही असं ठरलंय.

ग्राहकराजा | गुरुवार, संध्याकाळी ७:५५

बिलाचा फोटो जपून ठेवा. नाही उघडलं तर मी आहे.

बारीहून | गुरुवार, रात्री ८:३०

त्या शेफला सांग की खपलीचा पास्ता करून बघ. इथे फार्रोचा मिळतो, आणि साध्यापेक्षा महाग असतो.

स्कूटरवाला | गुरुवार, रात्री ८:४२

सगळं ठीक. पार्किंग?

काजवी | गुरुवार, रात्री ९:००

चारचाकी आणू नका, गल्लीत वळत नाही. दुचाकी ओट्यासमोर तीन-चार राहतात. ओट्यावर त्यांनी बेसिलच्या कुंड्या मांडल्यात. बाबांनी पान चुरगळून वास घेतला आणि सब्जा आहे म्हणाले. सायकल ते तिथेच लावायचे. कडी अजून भिंतीत आहे.